साडेसातची सभा

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला टिकून राहता येईल अशी, दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा सापडेपर्यंत नऊ आठवडे गेले. त्यांपैकी निदान सहा आठवडे मी सभा शोधण्याच्या नावाखाली सभा नाकारण्याचेच काम करत होते, हे आज चौदा महिन्यांनंतर लिहिताना मला स्पष्ट दिसते. तेव्हा मात्र मी अतिशय चोखंदळपणे आणि जबाबदारीने शोध घेत आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

सुरुवात दवाखान्यातून झाली. रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू पूर्ण बंद केली, तर शरीर ते मुकाट्याने सोसत नाही. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा तासांपासून हात थरथरू लागतात, घाम सुटतो, छाती धडधडते. पहिल्या ४८ तासांत फिट येण्याचा धोका असतो. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात, ते प्रसंगी जिवावर बेतते. हे मला आधी ठाऊक नव्हते. त्यामुळे घरच्या घरी निर्धार करून मोकळे व्हावे, हा माझा बेत डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मोडून काढला. आठवडाभर त्यांनी मला औषधांवर, ब-१ जीवनसत्त्वावर आणि रोजच्या तपासणीवर ठेवले, त्यानंतर दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी सुरू केली आणि निरोप देताना म्हणाले, "यापुढे तुम्ही माझ्याकडे महिन्यातून एकदा येणार. उरलेल्या एकोणतीस संध्याकाळी कुठे जाणार, ते आता तुम्ही ठरवा."

माझ्या संध्याकाळी कशा होत्या, ते सांगायला हवे. मी कधी कोणाबरोबर बसून प्यायले नाही. साडेसातला दिवसाची कामे आवरली की मी स्वयंपाकघरात जाई आणि एका निळ्या काठाच्या, कानाचा थोडा टवका उडालेल्या चहाच्या कपात व्हिस्की ओतून घेई. कप असल्याने कोणाला संशय येत नसे, आणि खरे सांगायचे तर मलाही येत नसे. चहाच्या कपातून पिणारी बाई दारूडी कशी असेल?

डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी एक वही केली. पट्टीने रकाने आखले: वार, वेळ, अंतर, साधारण किती माणसे, बायका किती, देवाधर्माचा भाग किती, आणि शेवटी शेरा. मिळेल तिथून माहिती काढून मी ती वही इतक्या निगुतीने भरत गेले, की तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तिच्यात सोळा सभांची नोंद होती आणि माझी हजेरी एकाही सभेला नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात "फार लांब", "गर्दी", "माणसे कमी", "धार्मिक वाटते", "ओळखीचे कोणी भेटेल" असे लिहिलेले होते. माणसे कमी असणे आणि गर्दी असणे हे दोन्ही दोष मी एकाच पानावर नोंदवले होते.

अभ्यासाची मला सवय असल्यामुळे मी संशोधनही वाचले. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसशी, म्हणजे सगळे जिला 'एए' म्हणतात त्या संघटनेशी, माणसाला पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने पूर्णपणे मद्यमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के निघाले आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर उपचारांत ते ३५ टक्क्यांच्या आसपास होते. आकडा दिलासा देणारा होता. मात्र मंगळवारी कोणत्या खोलीत जाऊन बसायचे, हे कोणत्याही आकड्यावरून ठरत नाही, आणि मी तो आकडाही बसून राहण्यासाठीच वापरला.

चौथ्या आठवड्यात मी एएच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी माझे नाव विचारले नाही. "सभा तुम्हाला स्वतःसाठी हवी आहे की घरातल्या कोणासाठी?" एवढेच त्यांनी विचारले. मी क्षणभरही न थांबता "बहिणीसाठी" असे सांगितले. त्यावर त्यांनी शांतपणे समजावले की पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अॅनॉन नावाची वेगळी संघटना १९५१पासून आहे आणि तिथे मला माझ्यासारखीच त्रासलेली माणसे भेटतील. पुढे ते म्हणाले, "आणि तुमच्या बहिणीला एवढे सांगा, की सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभा ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच असते. खुल्या सभेला कोणीही येऊन मागे बसू शकते, विद्यार्थी येतात, नातेवाईक येतात. तिला लाज वाटत असेल तर खुल्या सभेपासून सुरुवात करू द्या. दारात तिला कोणी काही विचारणार नाही." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांनी बहिणीबद्दल बोलताना आवाज जरासा हळुवार केला होता. मला बहीण नाही.

त्या आठवड्यात मी पहिल्या सभेला गेले, ती पंधरा मिनिटांत उठून यायचे असे ठरवून. एएची सुरुवातही पंधरा मिनिटांच्या बोलीवरच झाली होती, हे मला पुढे कळले तेव्हा हसू आले. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन गावी आला होता. काम फसले, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एका टोकाला बार आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन, अशा स्थितीत तो एकटा उभा होता. पाच-सहा महिनेच झाले होते त्याने सोडून. तो टेलिफोनकडे वळला, चर्चच्या यादीतून एकेकाला फोन करत गेला आणि बोलायला दुसरा एखादा पिणारा माणूस मिळेल का, अशी चौकशी करत राहिला. अखेर डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी भेट ठरली. स्मिथ फक्त पंधरा मिनिटे द्यायला तयार होते. बोलणे कित्येक तास चालले. १० जून १९३५ हा स्मिथ यांचा शेवटच्या पेल्याचा दिवस म्हणून संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. आपल्याला साजेशी सभा शोधण्याचा हा पहिलाच प्रयत्न म्हणायला हवा, आणि तोही यादी घेऊन फोन फिरवण्याचाच होता.

मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. सुरुवातीला काही वाचन झाले, मग एकेक जण नुसते पहिले नाव आणि "मी मद्यपी आहे" एवढे सांगून बोलू लागला. कोणी मध्ये बोलत नव्हते, सल्ला देत नव्हते, प्रश्न विचारत नव्हते. ही शिस्त मला सर्वांत अनपेक्षित वाटली, कारण दारूविषयी माझ्याशी आजवर जे कोणी बोलले होते, ते मध्येच तोडून बोलले होते. माझी पाळी आल्यावर मी "आज फक्त ऐकते" असे म्हटले आणि पुढच्याने बोलायला सुरुवात केली. वर्गणी नव्हती, शेवटी एक पिशवी फिरली, ती गटाच्या खर्चासाठी सदस्यांपुरती, कारण बाहेरची देणगी न घेता स्वतःचा खर्च स्वतः भागवायचा, असे त्यांच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे गट चालवण्याच्या तत्त्वांपैकी, सातवी सांगते. सदस्यत्वासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट असल्याचे तिसरी परंपरा सांगते. फॉर्म नाही, नोंदणी नाही.

मी शेवटपर्यंत बसले, पण घरी येऊन वहीत लिहिले: "सगळे पुरुष. अपघात, कोठडी, गेलेल्या नोकऱ्या. मी एवढ्या थराला गेलेली नाही." या मंडळींत एक बोलणे नेहमी कानावर येते, की ऐकताना फरक शोधू नका, साम्य शोधा. मला त्या वेळी फरक शोधण्यातच सुख होते.

पुढच्या काही आठवड्यांत मी बऱ्याच ठिकाणी बसले आणि तेव्हा जाणवले, की 'सभा' हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. कुठे एकच वक्ता तासभर आपली कहाणी सांगतो, कुठे एएच्या दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्यांपैकी एक घेऊन चर्चा होते, कुठे १९३९ साली निघालेले संघटनेचे मूळ पुस्तक ओळीने वाचतात. पायऱ्यांत देवाचा उल्लेख वारंवार येतो, आणि माझा देवाशी फारसा संबंध नसल्यामुळे मी तिथे अडकले. "आम्हाला जसा समजला तसा ईश्वर" ही शब्दयोजना सुरुवातीच्या सदस्यांतील न मानणाऱ्यांच्या आग्रहामुळे आली आणि १९७५ साली शिकागोत अज्ञेयवाद्यांचा स्वतंत्र गटही सुरू झाला, हे वाचून थोडे हायसे वाटले. पण वाचून हायसे वाटणे वेगळे आणि सगळे उभे राहून प्रार्थना म्हणत असताना ओठ मिटून उभे राहणे वेगळे. नंतर एका वयस्क सदस्याने मला सांगितले की तो गेली कित्येक वर्षे तसाच ओठ मिटून उभा राहतो आणि कोणीही त्याला त्याबद्दल विचारलेले नाही.

ईश्वराचा विषयच नको म्हणून मी स्मार्ट रिकव्हरी या देवाधर्माविना चालणाऱ्या दुसऱ्या संघटनेच्या सभेला गेले. तिथे वर्गात बसल्यासारखे वाटले आणि ते मला आवडले. प्रशिक्षित संचालक असतो, माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, 'मद्यपी' असे स्वतःला म्हणवून घेण्याची सक्ती नसते. एक कागद चार चौकटींत विभागून पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे आणि न पिण्याचे तोटे लिहायला सांगितले. पिण्याच्या फायद्यांच्या चौकटीत काही लिहू द्यावे, हा प्रामाणिकपणा मला फार भावला. मी तिथे "साडेसातनंतर कोणालाच मी नको असते, ते विसरायला होते" असे लिहिले. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पण ती सभा शनिवारी सकाळी होती. शनिवारी सकाळी मला दारूची आठवणही येत नसे. मंगळवारी संध्याकाळी तो कागद समोर धरून मी बसले, तेव्हा चारही चौकटी मला पाठ होत्या आणि त्यांचा काही उपयोग होत नव्हता. दोष पद्धतीचा नव्हता. ज्यांची कठीण वेळ वेगळी असेल त्यांना ती सभा अगदी योग्य ठरली असती.

सहाव्या आठवड्यातल्या एका गटाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती चूक इतर कोणी करू नये असे वाटते. गट कोणता हे सांगण्याचे कारण नाही. तिथल्या एका ज्येष्ठाने सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगितले, की गोळी घेऊन सोडलेली दारू ही सुटलेली दारू नव्हेच, ती कुबडी आधी टाका. त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मी दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये, अशी स्पष्ट सूचना एएच्या स्वतःच्या साहित्यात आहे, हे मला ठाऊक असते तर मी हसून विषय टाळला असता. आज कोणी मला नवा गट कसा पारखावा असे विचारले, तर मी दोन गोष्टी बघायला सांगते: डॉक्टरांच्या औषधाबद्दल तिथे काय बोलतात, आणि नव्याने आलेल्या बाईशी सभेनंतर कोण बोलायला येते. बायकांना बाईच स्पॉन्सर असावी, म्हणजे पायऱ्यांतून हात धरून नेणारी अनुभवी सोबतीण बाईच असावी, हा संकेत उगाच पडलेला नाही.

माणसे भेटण्यातच गोंधळ होतो असे ठरवून मी आठव्या आठवड्यात बायकांच्या एका ऑनलाइन सभेत शिरले. केवळ स्त्रियांसाठी वेगळे गट असावेत हा विचार काही आजचा नाही. जीन कर्कपॅट्रिक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली विमेन फॉर सोब्रायटी स्थापन केली, ती आपल्या अपराधाचा पाढा वाचण्याऐवजी बायकांना स्वतःची किंमत कळली पाहिजे, या मुद्द्यावरच. मी ज्या सभेत शिरले तिथे बोलणाऱ्या बायका माझ्यासारख्याच होत्या. एकटीने पिणाऱ्या, बाटल्या कपड्यांच्या कपाटात ठेवणाऱ्या, कचरा स्वतः नेऊन टाकणाऱ्या. इतके साम्य मला कुठेच सापडले नव्हते. कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा होती. सभा सुरू होऊन पाऊण तास झाला असेल, एक बाई आपल्या मुलीविषयी बोलत होती, मी मान डोलावत होते, आणि माझ्या हातात निळ्या काठाचा कप होता. तो मी कधी भरून आणला, ते मला आठवत नाही. बाटली कुठून काढली तेही आठवत नाही. आठवते ते एवढेच की ती बाई रडू लागल्यावर मी कप टेबलावर अलगद ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. माझा माइक बंदच होता.

ऑनलाइन सभांबद्दल माझी तक्रार नाही. अंथरुणाला खिळलेल्या, लहान मुले असलेल्या किंवा जवळपास कोणतीच सभा नसलेल्या माणसाला त्या आधार देतात. परंतु चोरून पिणाऱ्या माणसाला बंद कॅमेरा म्हणजे पुन्हा तेच स्वयंपाकघर मिळाल्यासारखे असते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून गोळीचे आणि कपाचे दोन्ही सांगितले, त्यांनी गोळी पुन्हा सुरू करायला लावली. मग मदतीच्या क्रमांकावर फोन केला. या वेळी पलीकडे बाई होत्या. मी वहीतल्या एकेका सभेचे दोष सांगू लागले, त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले, "तुमची पिण्याची वेळ कोणती?"

नऊ आठवड्यांत मला हे कोणीच विचारले नव्हते, आणि वहीत तसा रकानाही नव्हता. मी म्हटले, "साडेसात."

"मग साडेसातची सभा बघा. बाकी सगळे नंतर बघता येईल. बसायला लाकडी बाक असला तरी चालेल, लोक कंटाळवाणे असले तरी चालेल. साडेसातला तुम्ही घराबाहेर, माणसांत असायला हव्यात."

वहीतल्या सोळा सभांपैकी साडेसातला सुरू होणाऱ्या तीनच निघाल्या. त्यातली एक आठवड्यातून चार दिवस भरत होती आणि तिच्यापुढे मी दुसऱ्याच आठवड्यात "माणसे कमी, खोली लहान" असा शेरा मारून ठेवला होता. शेरा अचूक होता. खोली खरोखरच लहान होती आणि त्या संध्याकाळी आम्ही नऊ जण होतो, त्यांत बायका दोन. मी तिसऱ्या सभेला प्रथमच तोंड उघडले. नाव सांगितले, मद्यपी आहे असे म्हटले, आणि मग सभेत बसून कपातून प्यायल्याची हकिकत सांगितली. ती सांगताना मी समोरच्या भिंतीकडे पाहत होते, कारण घसरून परत आलेल्या माणसाकडे बाकीचे कसे बघतात, ते बघण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी थांबले तेव्हा दोघे-तिघे "धन्यवाद" म्हणाले, आणि शेजारच्या गृहस्थाने आपल्या गुडघेदुखीपासून सुरुवात करून आपला दिवस सांगायला घेतला. मला इतके हलके वाटले की त्याच्या गुडघ्याबद्दल मी अतिशय मन लावून ऐकले.

सभा संपल्यावर खुर्च्या आवरताना दुसरी बाई, जिला सगळे मावशी म्हणतात, माझ्याजवळ आली. एका हातात दोन खुर्च्या आणि दुसऱ्या हातात चहाची किटली होती. तिने विचारले, "परवा पावणेसातला येशील का गं? खुर्च्या मांडायला माणूस नाही, माझी कंबर धरते." मी हो म्हटले. पावणेसातला तिथे पोहोचायचे म्हणजे सव्वासहाला घर सोडावे लागे, आणि परतायला नऊ वाजत. मधला सगळा वेळ परस्पर संपून जाई. नवीन माणसाला काम देणे हा या मंडळींचा जुना उपाय आहे, हे मला मागाहून समजले.

जाता जाता तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "तो कप अजून घरात आहे?"

"आहे."

"मग तोही घेऊन ये. इथे कप नेहमी कमी पडतात."

मी तो नेला. पहिले काही महिने मी आल्याबरोबर तोच कप उचलून स्वतःसाठी बाजूला ठेवत असे. दुसऱ्या कोणी त्यातून चहा घ्यावा हे मला बघवत नसे. गेल्या आठवड्यात मी खुर्च्या मांडून आत गेले, तर पहिल्यांदाच आलेला एक तरुण दाराशी उभा होता आणि मावशीने त्याच्या हातात निळ्या काठाचा कप दिला होता. टवका उडालेल्या कानामुळे त्याला तो नीट धरता येत नव्हता. मी दुसरा कप घेतला.